दोन करंड्या

गुन्मातल्या सरकारी इमारतींपैकी
सहा नंबरच्या खाली, सायकलींच्या शेडला लागून
एक खोली आहे.
भिंतीवर कचरा वेगळा करायचे नियम तीन भाषांत,
आणि शनिवारी तिथे गोष्ट.

सुमिए कुवाबारा, वय एकाहत्तर.
डब्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं
भाताच्या मधोमध खारवलेलं आलुबुखार ठेवलं तिनं,
एकेक, मधोमध.
आता ती एक लाकडी चौकट उघडते,
आत जाड पुठ्ठ्यांची बारा चित्रं, स्वतः रंगवलेली.
पुढचं ओढून मागे सरकवलं की पुढची गोष्ट दिसते.
मेख एवढीच, की समोरच्या चित्राचे शब्द
त्याच्या स्वतःच्या पाठीवर नसतात.
ते असतात सगळ्यांत मागच्या पुठ्ठ्यावर.
मुलं बघतात एक,
ती वाचते दुसऱ्याच कुणाच्या पाठीवरून.

आज चिमणीची गोष्ट.
जीव लावणाऱ्या म्हाताऱ्याला निरोप देताना
चिमणी दोन करंड्या पुढे ठेवते.
मी थकलोय, तो म्हणतो, लहान पुरे.
घरी झाकण काढतो तर सोनं.
मग त्याची बायको जाते, मोठी उचलते,
वाटेत उघडू नकोस म्हटलेलं असताना उघडते,
आणि आतून...
इथे सुमिए नेहमी थांबते.
दहाव्या चित्रातला शेवाळी रंग
तिला तीन रविवार जमत नव्हता.

"पण मोठी का नाही घ्यायची?"
जुसारानं विचारलं, पडलेल्या दाताच्या फटीतून.
"हावरटपणा," रेन म्हणाला. त्याला ही गोष्ट पाठ आहे.
"आमच्याकडे लहान घेतली ना,
तर आजी विचारते, माझं काय चुकलं?
जेवण आवडलं नाही? बरं नाही वाटत?
मग ती रडते. खरंच रडते."

खोय इतका वेळ बुटाची नाडी चघळत होता.
त्याच्या गोष्टीतला पक्षी घराएवढा.
झाडावरची फळं खातो, कापली की चांदणी होणारी,
आणि म्हणतो, सोन्यानं फेडीन,
तीन वितींची पिशवी शिव.
धाकटा तीन वितींची शिवतो.
थोरला बारा. भर समुद्रावर पंख वाकतो.
"बघ, हावरटपणाच," रेन म्हणाला.
"नाही," खोय म्हणाला,
"त्या पक्ष्यानं माप सांगितलं होतं.
चिमणीनं सांगितलंच नाही."

सुमिएनं दहावं चित्र अर्धं ओढून तसंच धरलं.
भुताचा एक हात बाहेर, बाकीचं भूत आत.
पुठ्ठ्याच्या पाठीवर तिच्याच अक्षरात
याचं उत्तर नव्हतं.
मुकादमीचा कागद पुढे आला होता एकदा.
मला हेच बरं, म्हणाली होती ती,
आणि सगळ्यांनी कौतुकानं मान डोलावली होती.
घरी जाऊन झाकण तिनंही काढलं होतं.

"भुतं आत गुदमरली नसतील का?"
कुणीतरी सगळ्यांत लहान.

तेवढ्यात जुसाराची आई आली, रोझिलेने,
रात्रपाळीची, केसांवर जाळी तशीच.
हातात दोन डबे, चीजच्या गरम पावांचे.
एक वहीएवढा, एक बादलीएवढा.
"तुमच्यासाठी. कुठला?"

नको, नको, म्हणाली सुमिए.
हे पहिलं नको होतं, जे कुणी मोजत नाही;
दुसरं ओठांवर तयारच होतं.
पण रोझिलेनेला आकडे शिकवले नव्हते कुणी.
तिचे हात मागे सरकले.
अकरा मुलं श्वास धरून,
आणि जुसाराची हनुवटी थरथरायला लागलेली.

"मोठा," सुमिए म्हणाली.
आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

वर जाताना, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे,
दिवा बंद आहे त्या वळणावर,
तिनं डबा कठड्यावर टेकवला,
मागे वळून पाहिलं,
आणि वाटेतच उघडला.